आनेकलची ओबरं

सुधींद्रअण्णा हुदलीकरांना राग आला की ते आधी चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाला पुसतात, पुन्हा डोळ्यांवर चढवतात आणि ज्याचा राग आला ती वस्तू आणखी एकदा नीट न्याहाळतात. तरीही राग उरला, तर तो खरा. ही सवय कारखान्यातली. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात अण्णांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, माप लावायचं, केसाएवढी तफावत दिसली की बाजूला. एकदा साहेबांनी सहज म्हटलं, ‘माझ्या केबिनचं दार घासतं हो.’ अण्णांनी दार उघडझाप करून पाहिलं आणि दारावरच ‘नापास’ची लाल चिठ्ठी डकवली. साहेबांची बदली झाली, चिठ्ठी मात्र होती तिथेच राहिली.

असा हा माणूस. त्याच्याच नावानं पुस्तक छापून यावं आणि त्यात असं काही व्हावं! पण ते नंतर. आधी अक्का.

अक्का म्हणजे शिवलीला, अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकट्या सुधीचं न्हाणंमाखणं, शाळा, खरूज, सगळं अक्कानं पाहिलं. पुढे तिचं लग्न बेंगळुरूजवळच्या आनेकलला झालं. यजमानांचं सायकलचं दुकान. सुटी लागली रे लागली की सुधी पिशवी घेऊन आनेकलच्या बसमध्ये. सुटी संपली तरी परतायचा नाही. ‘लोक हुंड्यात भांडी घेतात, मला मेव्हणा मिळाला,’ असं यजमान म्हणायचे आणि सुधीला सायकलच्या दांडीवर बसवून गावभर फिरवायचे.

संध्याकाळी दिवे लागले की अक्का ओसरीवर बसायची. मग गोष्टी. बेंगळुरूच्या बसमध्ये चढलेल्या बैलाची गोष्ट, चुकून दुसऱ्याच गावाच्या लग्नात जाऊन वाजवून आलेल्या बँडवाल्यांची गोष्ट. आणि सगळ्यांत वरचढ, तिच्या आजेसासऱ्यांची. हे आजेसासरे साताऱ्याकडून आनेकलला नवे नवे आलेले. कन्नडमधला एकच शब्द यायचा: सरी. म्हणजे ठीक, झालं, ठरलं. या एका शब्दावर पठ्ठ्या बाजारहाट करायचा. एकदा गावातल्या कुणा कन्नड घरी लग्नाच्या पंगतीला गेले. वाढपी म्हणाला काहीतरी, हे म्हणाले सरी; पानात केसरीभात पडला. पुन्हा काहीतरी विचारलं, सरी, पुन्हा पडला. शेजारी बसलेल्या लग्नघरच्या यजमानांनी बराच वेळ काहीतरी विचारलं. हे तोंड भरलेलं असताना म्हणाले, सरी, सरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो यजमान नारळ आणि पानसुपारी घेऊन दारात उभा! ‘काल तुम्ही शब्द दिलात. माझी दुसरी मुलगी तुमच्या मुलाला.’

‘अशी माझी सासू कन्नड बोलत या घरात आली,’ अक्का सांगायची. ‘आणि म्हणून आपण हे असं खिचडी बोलतो. सगळं त्या एका सरीनं केलं बघ.’

आता अक्का ऐंशीच्या पुढे गेली आहे, यजमान केव्हाच गेले, डोळ्यांत काचबिंदू शिरला आणि उजेड-अंधार एवढंच काय ते कळतं. ती अण्णांकडे बेंगळुरूत हेब्बाळला असते. अण्णांनी निवृत्त झाल्यावर तिच्या गोष्टी लिहून काढायला घेतल्या त्या तिच्या सांगण्यावरून.

“तू वाचून दाखवतोस ते मला पटत नाही,” ती म्हणायची. “तू आपल्या पदरचं मीठ घालतोस. छापून आण. छापलेलं खोटं बोलत नाही.”

“छापून आणलं तरी वाचणार मीच ना, अक्का?”

“दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लाव की. चार माणसांत. मी ऐकते. माझंच आहे का ते बघते.”

बस, एवढंच मागणं होतं बाईचं. आणि एवढंच अण्णांना द्यायचं होतं.

योग बरा जुळून आला. मराठी मंडळानं यंदा ठरवलं की इथल्याच लेखकांची नवी पुस्तकं एकाच दिवशी प्रकाशित करायची. बघता बघता घरोघरी लेखक निघाले. भार्गवीचा कवितासंग्रह आला. केतकीनं एचएसआर लेआउटच्या फ्लॅटमधल्या पालीवर मुलांचं पुस्तक लिहिलं. शंतनु नावाच्या पुण्याच्या मुलानं रहस्यकथा लिहिली. तिच्यात हेब्बाळच्या टेक पार्कात लिफ्टमध्ये खून होतो आणि खुनी कोण ते मांजराला माहीत असतं. आणि अण्णांचं ‘आनेकलची ओसरी’. सगळी पुस्तकं संगणकावर मांडून छपाईला तयार करायचं काम याच शंतनुकडे. मुलगा हुशार, कामसू, मनानं निर्मळ. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्याच्याबद्दल अण्णांच्या मनात जे आलं ते तसं नव्हतं.

अण्णा कच्ची छपाई घेऊन हेब्बाळहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआरला शंतनुकडे जायचे. बेंगळुरूत राहणाऱ्याला हे वाक्य वाचूनच घाम फुटेल. सिल्क बोर्डच्या चौकात बस अशी उभी राहायची की माणूस चढताना तरुण असावा आणि उतरताना आजोबा. तिथे पोचून, जिने चढून, पाणी पिऊन अण्णा बसले की शंतनुचं सुरू.

“अण्णा, मला जाम आवडलंय. फक्त एकच इश्यू आहे. हे सरी.”

“काय झालं सरीला?”

“मराठीत सरी म्हणजे पावसाच्या. रीडर कन्फ्यूज होणार. अक्का पानोपानी पाऊस पाडतायत असं वाटतं.”

“पाडू दे.”

“आपण ‘बरं’ करू या का? स्टँडर्ड आहे. पुण्यातल्या वाचकाला पण कळेल.”

“अरे बाबा, तुझ्या बरंमध्ये ‘बघू नंतर’ असतं. आमच्या सरीत ‘ठरलं’ असतं. बरं म्हणून कुणाचं लग्न जमलंय का आजवर?”

शंतनु हसायचा, मान डोलवायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. घरी अण्णांची बायको प्रतिमा म्हणायची, “एका शब्दासाठी एवढं? दरवाज्याला नापास केलं होतं, तसं त्या मुलाला पण करून या.” अण्णा चिडून जेवायला बसायचे आणि आमटीला नाव ठेवायचे.

छपाईच्या तोंडाशी एक दिवस अण्णा असेच सिल्क बोर्डला अडकले होते. उभ्यानं प्रवास, कुणाचं तरी कोपर बरगडीत, आणि खिशातला फोन वाजला. शंतनुचा निरोप: ‘अण्णा, फायनल करतोय. सगळीकडे बरं करून टाकतो. ओके?’

अण्णांच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं घसा फोडून सांगितलं तरी तेच! बरं नाही, सरी! लांबलचक लिहायला हात मोकळा नव्हता. एका हातानं दांडा धरून, अंगठ्यानं त्यांनी एकच शब्द टाकला:

‘सरी.’

पाठवला आणि फोन खिशात घातला. आता कळेल लेकाला, असं मनाशी म्हणाले. बसही त्याच वेळी हलली, त्यामुळे त्यांना फारच बरं वाटलं.

शंतनुचं लगेच उत्तर आलं: हसरा चेहरा आणि जोडलेले हात. अण्णांनी ते पाहून मान हलवली. मुलगा समजूतदार आहे, म्हणाले. त्यानंतर शंतनुनं शेवटची फाइलही पाठवली होती, पण अण्णांच्या फोनवर ती मुंगीच्या पावलांएवढी दिसे, आणि छापखान्याची घाई होती. शब्द दिलाय त्यानं, अण्णा प्रतिमाला म्हणाले. आयुष्यात तपासल्याशिवाय सोडलेला हा त्यांचा पहिला भाग.

रविवारची सकाळ. मंडळाचं सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत प्रतिमा, आणि शेजारी नवी इरकल नेसून अक्का. तिनं येतानाच बजावलं होतं: “मला पुढे बसव. कान अजून शाबूत आहेत.” मंचावर लेखक, मागे पडदा, आणि मंडळाचे अध्यक्ष विद्याधरराव, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले मोठे शास्त्रज्ञ. रेशमी फीत सोडून पुस्तकं वर धरली गेली, फोटो निघाले. मुखपृष्ठावर एका चित्रकारानं हातानं काढलेली सुरेख अक्षरं: आनेकलची ओसरी. अण्णांचा ऊर भरून आला. त्यांनी पुस्तक मध्येच उघडलं.

पानाच्या माथ्यावर छापलं होतं: आनेकलची ओबरं.

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. चढवला. ओबरं.

खाली पहिलीच ओळ: ‘अक्का साबरं आली तेव्हा सुधी तिच्या मागोमाग आला.’ पुढे: ‘रात्री ओबरंवर बसून यजमान बाबरं वाजवीत.’ आणखी पुढे: ‘ती गोष्ट मी कधी विबरंन का?’

आधी त्यांना वाटलं, आपल्यालाही काचबिंदू झाला. मग तपासणी खात्यातलं डोकं चालू झालं. सासरी, साबरं. बासरी, बाबरं. विसरीन, विबरंन. अरे देवा. या पोरानं संगणकाला सांगितलं की जिथे म्हणून ‘सरी’ दिसेल तिथे ‘बरं’ घाल, आणि त्या गाढवानं खरोखरच, जिथे म्हणून दिसेल तिथे! शब्दाच्या पोटात असेल तरी!

“शंतनु,” शेजारी बसलेल्या मुलाच्या कानाशी ते कुजबुजले, “हे ओबरं काय आहे?”

शंतनुनं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “ओह नो. अण्णा, रिप्लेस मारलं एका झटक्यात... सॉरी, सॉरी. पण तुम्हीच हो म्हणालात ना?”

“मी? कधी?”

“तुम्ही ‘सरी’ म्हणून मेसेज केला! मी म्हटलं, वा, अण्णा कन्नडमधून ओके म्हणतायत.”

आता अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या शब्दासाठी भांडलो त्याच शब्दानं मान कापली. आजेसासऱ्यांची निदान सून तरी आली होती घरात.

“अरे, मी सरी म्हटलं ते नाही म्हणून!”

“सरी म्हणजे हो ना, अण्णा? इथे आल्यापासून मला तेवढंच तर येतं.”

तेवढ्यात विद्याधरराव बोलायला उभे राहिले. अण्णांना वाटलं, आता हे चूक दाखवतील, आपण उठून क्षमा मागू, विषय संपेल. पण नाही. विद्याधररावांनी आदल्या दिवशी पुस्तक मिळवून मन लावून वाचलं होतं.

“मित्रहो,” ते म्हणाले, “मी जन्मानं नागपूरचा. इथल्या जुन्या मराठीशी माझी ओळख नव्हती. या पुस्तकानं ती झाली. काय शब्द आहेत! साबरं! सासरला साबरं. केवढा गोडवा! केबरंभात! आणि ओबरं. मुखपृष्ठावर लेखक ओसरी लिहितो आणि आत मात्र ओबरं. मी रात्री विचार करत होतो. मग उमगलं. ओसरी परक्यांसाठी, आणि ती ओलांडून घरात गेलं की लागतं ते ओबरं!”

टाळ्या. पुण्या-मुंबईची, एचएसआरची, हेब्बाळची सगळी तरुण मंडळी टाळ्या वाजवत होती. कुणीतरी ‘वाह’ म्हणालं. जे शब्द अक्का जन्मभर बोलली ते अशुद्ध म्हणून काढले, आणि जे पृथ्वीच्या पाठीवर कधी कुणी बोललं नाही ते अस्सल म्हणून डोक्यावर घेतले!

“आता मी एक गोष्ट वाचून दाखवतो,” विद्याधरराव म्हणाले. “एका बरंची सून.”

पहिल्या रांगेत अक्का सरसावून बसली. हाच तो क्षण, ज्यासाठी ती इरकल नेसून आली होती.

विद्याधररावांचा आवाज खणखणीत. “आजेसासऱ्यांना कन्नडमधला एकच शब्द येत असे: बरं.”

सभागृह शांत. कुणी हसलं नाही, हसणार कसं? बरं कुठला कन्नड? पुढे वाढपी विचारतोय, हे बरं म्हणतायत, पानात केबरंभात पडतोय. यजमान विचारतोय, हे बरं, बरं. दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन हजर, “माझी दुबरं मुलगी तुमच्या मुलाला.” लोकांनी आदरानं माना डोलावल्या. दुबरं म्हणजे बहुधा लाडकी, असं मागच्या रांगेत एकजण बायकोला सांगत होता.

आणि मग त्या शांततेत अक्काचा आवाज आला. हळू बोलायची तिला सवयच नाही.

“प्रतिमा, हे कुणाचं वाचतायत ग? आपली पाळी कधी यायची?”

अण्णा ताडकन उठले आणि माइकपाशी गेले. “ऐका हो,” म्हणाले, “ओबरं असा शब्द नाही. साबरं नाही. केबरंभात तर नाहीच नाही. ही संगणकाची चूक आहे. खरा शब्द सरी.”

लोक हसले. पहिल्यांदाच मनापासून हसले. विद्याधररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “लेखकाचा विनय बघा! जुन्या बेंगळुरूकरांना आपल्या बोलीचा संकोच वाटतो, हेच तर आपलं दुर्दैव. अण्णा, लाजू नका. आम्हाला ओबरं हवं आहे!”

“अहो संकोच कसला, मी सांगतोय ते...”

“अण्णा, दोनच मिनिटं हं,” सूत्रसंचालन करणारी भार्गवी हलकेच म्हणाली. “माझा संग्रह राहिलाय, आणि पालीचं पण.” तिनं माइक गोड हसून काढून घेतला. मग कविता झाल्या, पाल झाली, लिफ्टमधला खून झाला. अण्णा खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली.

खाण्याच्या टेबलाशी तर कहर झाला. उप्पिट होतं आणि, नशीब बघा, केसरीभात. “घ्या घ्या, केबरंभात घ्या,” एकमेकांना आग्रह चाललेला. वाढणारी बाई कन्नड, तिनं “एनु?”, म्हणजे ‘काय?’, असं विचारलं तर एकानं तिलाच समजावलं की हे तुमच्याच गावाकडचं नाव. अण्णांची पुस्तकं भराभर संपत होती. एक मुलगी सही मागायला आली. “काका, आत ‘ओबरं’ लिहून द्याल का, प्लीज? मी नव्या घराला तेच नाव देणारे.”

शंतनु कानकोंडा होऊन मागे मागे फिरत होता. “अण्णा, दुरुस्त करून पुन्हा छापू. प्रॉमिस. प्रत्येक शब्द मी स्वतः बघतो.”

“बघ. आणि मला निरोप पाठवू नकोस. समोर येऊन विचार. मी ‘नाही’ म्हणेन, मराठीत.”

“ओके. म्हणजे... सरी, अण्णा.”

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं कॉफी आणायला पळालं.

अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत एकटीच बसली होती. पुस्तक तिच्या मांडीवर, हात पानांवरून फिरत होता. अण्णा तिच्यापाशी जाऊन स्टुलावर टेकले.

“सुधी, सगळे खूष दिसतायत रे.”

“हो, अक्का.”

“मग तू का फुरफुरतोयस बैलासारखा?”

अण्णांनी सांगितलं. बसमधला निरोप, आपला एक शब्द, संगणक, साबरं, ओबरं, सगळं. अक्का ऐकत होती. मध्येच तिचे खांदे हलायला लागले. अण्णांना वाटलं, रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता, पदर तोंडाला लावून.

“अय्यो! म्हणजे तू पण सरी म्हणून फसलास? त्या म्हाताऱ्यासारखा?”

“हसू नकोस अक्का. तुझं बोलणं गेलं सगळं. तुला छापलेलं ऐकायचं होतं, आणि हे असं झालं.”

“छापलेलं पण खोटं बोलतं म्हणायचं.” तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर सरकवलं. “तूच सांग. तुझं मीठ घालून सांग.”

“इथे? एवढ्या गोंधळात?”

“ओसरीवर काय शांतता होती? सांग की रे.”

अण्णांनी घसा साफ केला. मागे कुणीतरी “अण्णा, एक फोटो!” म्हणून हाक मारत होतं, ते वळले नाहीत. सातारा, आनेकल, पंगत, वाढपी. अक्का मध्ये मध्ये चुका काढत होती: नारळ एक नव्हे, दोन होते, आणि सून घरात आली तेव्हा आधी उजवं नाही, डावं पाऊल टाकून आली, म्हणून सासूनं परत फिरवलं होतं. “सरी, सरी,” म्हणत अण्णा दुरुस्त करत पुढे जात होते. उप्पिटाची बशी हातात घेऊन वाढणारी बाई जवळ येऊन उभी राहिली होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण ‘सरी’पाशी दर वेळी ती हसायची, अगदी बरोबर तिथेच.

गोष्ट संपली. सही मागणारी मुलगी पेन धरून ताटकळत होती, शंतनुच्या हातातली कॉफी निवत होती, विद्याधरराव लांबून ‘ओबरंकर!’ अशी हाक मारत येत होते, आणि अण्णांच्या कपाळावरची शीर पुन्हा फुगायला लागली होती.

अक्कानं त्यांचा हात दाबून धरला.

“सरी,” ती म्हणाली. “आता दुसरी सांग.”